वैशाखातलं ऊन वाया घालवू नये

एप्रिल-मे महिन्यात बीड, परभणी, लातूरकडे दुपारी बाहेर पाय टाकवत नाही. पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि वारं अंगाला चटके देतं. पण याच उन्हात एक गुण आहे, जो कोकणातल्या उन्हात नाही. ते कोरडं आहे. घाम आल्या-आल्या सुकतो, धुतलेली चादर तासाभरात खडखडीत होते. वाळवण, वाकळ म्हणजे जुन्या कापडाची गोधडी, आणि माठ ही आपल्याकडची उन्हाळी कामं या कोरडेपणावरच उभी आहेत. म्हणून त्यांचा मुहूर्त चैत्र संपता-संपता धरायचा आणि रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत, हात मोकळे करायचे. त्यानंतर हवेत ओल शिरते. वाळवण वाळल्यासारखं दिसतं, पण आत दमट राहतं आणि श्रावणात डबा उघडला की बुरशीचा वास येतो.

सगळ्यात जास्त जीव कुरडईत लावावा लागतो, म्हणून आधी तिचंच सांगतो.

दोन किलो गहू घ्या. लोकवन चालतो. निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला आणि तीन दिवस ठेवा. पाणी रोज बदलायचं, त्यात आळस नको. पाणी तसंच राहिलं तर आंबूस वास मर्यादेबाहेर जातो आणि वाळल्यावर कुरडईला लालसर झाक येते. चौथ्या दिवशी सकाळी एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. सालीतून पांढरं दूध टचकन बाहेर आलं तर गहू तयार. पीठ बाहेर न येता दाणा नुसता चेपला, तर आणखी एक दिवस द्या.

मग थोडं-थोडं पाणी घालत मिक्सरमधून वाटायचं. वाटण मोठ्या पातेल्यात घेऊन हातानं चोळायचं आणि धोतराच्या धुवट फडक्यातून गाळायचं. चोथा पुन्हा पाण्यात घालून पिळायचा, असं निदान तीन वेळा. पहिल्या पिळण्यात निम्माच चीक, म्हणजे गव्हाचं सत्त्व, निघतो, बाकीचा सालीला धरून बसतो. गाळलेलं पाणी रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असतो आणि वर पिवळट निवळी. ती निवळी पातेलं न हलवता सावकाश ओतून टाका. ती अंगात राहिली तर चिकाचं माप चुकतं आणि रंगही जातो.

आता माप. घट्ट चीक ज्या तांब्यानं मोजाल, त्याच तांब्यानं तेवढंच पाणी. चीक दगडासारखा बसला असेल तर पाव तांब्या जास्त. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, त्यात चिमूटभर हिंग आणि मीठ. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे. चिकातलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. ओल्या चिकाला बरोबर वाटणारं मीठ वाळलेल्या कुरडईत खारट लागतं. दोन किलो गव्हाच्या चिकाला दोन चहाचे चमचे पुरतात.

पाण्याला खळखळून उकळी आली की एका हातानं चीक हलवून धारेनं ओतायचा आणि दुसऱ्या हातानं लाकडी उलथन्यानं हाटत राहायचं. इथं दोन माणसं असली तर बरं. हात थांबला की गुठळी झाली. ती सोऱ्याच्या छिद्रात अडकते आणि तार तुटते. घट्ट झालं की आच मंद करून झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटं वाफ द्या, मधून-मधून हाटा. शिजला की नाही हे डोळ्यांनी कळतं. दुधासारखा पांढरा चीक काचेसारखा झाक मारायला लागतो. पाण्यात बुडवलेलं बोट त्याला लावलं तर चिकटत नाही. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तडकते आणि तळल्यावर न फुलता दाताखाली कचकचते. कारण साधं आहे. पुरत्या शिजलेल्या चिकाचाच गोळा एकजीव होऊन काचेसारखा वाळतो, आणि तळताना त्यातली उरलेली चिमूटभर ओल वाफ होऊन त्याला फुलवते. अर्धकच्च्या चिकात ती वाफ धरून ठेवायची ताकदच नसते.

याच वेळी वाटीभर चीक बाजूला काढून त्यावर दूध आणि गूळ घालून पोरांना द्या. वरच्या दुधात गूळ विरघळतो आणि चिकाचा मऊ गोळा चमच्यावर थरथरतो. वर्षातून एकदाच मिळणारा घास आहे हा. मोठ्यांनी चीक गरम असतानाच त्यावर शेंगदाण्याचं तेल आणि लसणाची चटणी घालून खावा.

बाकीचा चीक गरम असतानाच सोऱ्यातून घाला, कारण गार झाला की दाबताना हात भरून येतो आणि तारा खडबडीत पडतात. सगळं आठ-नऊच्या आत आवरलं तर दिवसभराचं ऊन मिळतं. कुरडया बाजेवर पातळ सुती कापड अंथरून त्यावर घालाव्यात. बाजेच्या विणीतून खालूनही वारं फिरतं. प्लास्टिकवर त्या लवकर सुटतात हे खरं, पण खालच्या बाजूला घाम धरतो आणि तिथं वास बसतो. माझं मत कापडाच्याच बाजूनं आहे. पहिल्या दिवशी उलटायची घाई नको, कडा आपोआप उचलल्या की मगच हात लावा. तीन दिवस कडक ऊन दिल्यावर मोडली की कट् आवाज यायला हवा. संध्याकाळी लगेच डब्यात भरू नका. सावलीत पुरती गार होऊ द्या, नाहीतर उष्ण कुरडईची वाफ झाकणाला बसून खाली टपकते. दोन किलो गव्हाला साधारण किलोभर कुरडई निघते. चीक नीट पिळला नाही तर त्याहून कमी.

कुरडईपेक्षा खारोड्या सोप्या, आणि बाजरीवर वाढलेल्या माणसाला जास्त जवळच्या. किलोभर बाजरी धुऊन सावलीत वाळवायची आणि गिरणीवर भरड काढायची. भरड काढून ठेवू नका, दोन-तीन दिवसांत वापरून टाका. बाजरीत तेल बरंच असतं, दळली की त्याला हवा लागते आणि ते कडवट होतं. एक माप भरडीला साडेतीन माप पाणी. पाण्यात जिरं, तीळ, ठेचलेला लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून उकळी आली की भरड वैरायची आणि मऊ होईपर्यंत शिजवायची. ओलं फडकं अंथरून ओल्या हातानं सुपारीएवढे चपटे गोळे घालायचे. वाळल्यावर फडक्याला चिकटलेल्या ओढून काढू नका. फडकं उलटं करून मागून पाण्याचा हलका शिपका द्या, पाच मिनिटांत सुटतात. मग पुन्हा दोन दिवस ऊन. तळायची गरजच नाही. दुपारी मूठभर खारोड्या आणि भाजलेले शेंगदाणे, सोबत फोडलेला कांदा. मुलांच्या डब्यातही चालतात.

दुपारी उन्हात वाळवणाची राखण करताना बाया वाकळ शिवायला बसतात, ते उगीच नाही. जुनी लुगडी, धोतरं धुऊन या दिवसांत एकदम कोरडी होतात आणि ओल्या कापडाची वाकळ कधीच सरळ बसत नाही. चार ते सहा थर पुरतात. सहापेक्षा जास्त झाले तर सुई जात नाही आणि पुढं धुतल्यावर वाळतही नाही. सगळे थर सुतीच असावेत. मधल्या थरात कुणी टेरिकॉटची साडी घातली की दोन-तीन धुण्यांत सुती थर आकसतात, ती आहे तशी राहते आणि वाकळीला कायमच्या वळकट्या पडतात. नवं कापड असेल तर आधी गरम पाण्यातून काढून घ्या. लाल-जांभळ्या कापडाचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते बघा.

थर जमिनीवर ताणून पसरा, कडेला दगड ठेवा आणि वीतभर अंतरानं कच्चे टाके घालून जखडून टाका. कच्चे टाके न घालता शिवायला घेतलं तर वरचा थर सरकत जातो आणि शेवटी एका कोपऱ्यात कापडाचा पुंजका उरतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा ओढा, गाठ पडत नाही. शिवण कडेपासून चौकोनात फिरवत मधोमध यायची, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. लांब टाका झरझर होतो, पण पोराच्या पायाच्या अंगठ्यात अडकून तुटतो.

माठाचं काम पाच मिनिटांचं, पण चुका तिथंच जास्त होतात. अक्षय तृतीयेला करा-केळीची, म्हणजे मातीच्या लहान-मोठ्या मडक्यांची, पूजा होते, त्याच्या आसपास कुंभाराकडं ताजा माल असतो. बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत नाद हवा. भदभद आवाज आला तर कुठंतरी तडा आहे किंवा माठ कमी भाजला आहे. घरी आणून दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिली दोन पाणी टाकून द्या. आतून साबण कधीच लावू नका. माठाची छिद्रं साबण पितात आणि वास जात नाही. माठातून झिरपलेलं पाणी बाहेर उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून त्याला वारा लागला पाहिजे. बंद कोपऱ्यात, स्टीलच्या ताटलीत ठेवलेला माठ गार कसा होणार? दाराच्या सावलीत, ओल्या वाळूवर, अंगाला ओलं गोणपाट. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात माठाच्या बाहेर पांढरा खार दिसायला लागतो. छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही. मग त्या माठात तुळस लावा आणि नवा आणा.