पबच्या माडीवरचे नाटक

लंडनला जाणारे बहुतेक नाट्यरसिक वेस्ट एंड या मोठ्या नाट्यगृहांच्या भागातल्या एखाद्या भव्य संगीतिकेचे तिकीट काढतात आणि तेथील रंगभूमी पाहिल्याचे समाधान घेऊन परततात. मला विचारणाऱ्यांना मी नेहमी सुचवतो, की त्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी, एखाद्या जुन्या पबमध्ये वेळेवर जाऊन जेवावे आणि अर्धा भरलेला पेला हातात घेऊन, अरुंद जिना चढून वरच्या खोलीतले नाटक पाहावे. वर पन्नास-साठ जागा असतात, भिंती काळ्या रंगवलेल्या असतात, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाने पाय आखडून घेतले नाहीत तर नट अडखळेल इतकी जवळीक असते, आणि ऐन करुण प्रसंगी खालच्या मजल्यावर गोल झाल्याचा जल्लोष ऐकू येतो. फुटबॉलचा मोठा सामना असलेल्या दिवशी शोकांतिका पाहायला जाऊ नये, हा माझा अनुभवसिद्ध सल्ला आहे.

या जागांकडे पर्यटकांसाठीची एक गंमत म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. इंग्लंडमध्ये खाणेपिणे आणि नाटक यांची सोबत ही मूळची व्यवस्था आहे; अंधारात गप्प बसून नाटक पाहण्याची शिस्त बरीच नंतरची. सोळाव्या शतकात लंडनच्या बेल सॅव्हेज, बुल अशा सरायांच्या चौकांत नाटके होत असत. चौकात फळ्यांचा मंच उभारायचा, सामान्य प्रेक्षकांनी भोवती उभे राहायचे आणि पैसेवाल्यांनी सज्ज्यांत बसायचे, अशी ती मांडणी होती. जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये शोरडिचला स्वतंत्र नाट्यगृह बांधले, त्यानंतरही सरायांमधली नाटके काही वर्षे चालूच राहिली. तसे सज्जे पाहायचे असतील तर सदर्कमधल्या जॉर्ज इनमध्ये जावे. १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या या सरायीच्या बाकीच्या बाजू एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीने पाडल्या. उरलेली बाजू आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची असून तेथे पब चालतो.

ही सोबत तुटली ती कायद्याने. १८४३ च्या नाट्यगृह कायद्याने पबमालकांपुढे दोनच वाटा ठेवल्या: नाटकाचा परवाना घ्यायचा असेल तर प्रेक्षागृहात मद्य आणि धूम्रपान चालणार नाही, मद्य ठेवायचे असेल तर गाणी आणि नकला करा, पण नाटक करू नका. पबमालकांनी काय निवडले असेल हे सांगायला नकोच. चार्ल्स मॉर्टनने १८५२ मध्ये लॅम्बेथच्या कँटरबरी आर्म्स या पबला जोडून कँटरबरी हॉल काढला आणि म्युझिक हॉल नावाचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. १८५९ मध्ये एका पबच्या मागे बांधलेला विल्टन्स म्युझिक हॉल अजून उभा आहे आणि तेथे आजही प्रयोग होतात. नाटक मात्र पबपासून सुमारे सव्वाशे वर्षे दूर राहिले.

ते परत आले, त्याचे कारणही एक कायदाच होता. १७३७ पासून नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मंजूर करून घ्यावी लागत असे. सप्टेंबर १९६८ मध्ये ती सेन्सॉरशिप संपली. मनाला येईल ते लिहून लगेच रंगमंचावर आणण्याची मोकळीक मिळालेल्या तरुण मंडळींना आता फक्त स्वस्त जागा हवी होती, आणि तशी जागा जवळजवळ प्रत्येक जुन्या पबमध्ये होती. सभा, मेजवान्या, नाचाचे वर्ग यांसाठी ठेवलेली वरच्या मजल्यावरची किंवा मागची खोली आठवड्यातले कित्येक दिवस रिकामी पडलेली असे. डॅन क्रॉफर्ड या अमेरिकी माणसाने १९७० मध्ये इझलिंग्टनच्या किंग्ज हेड पबच्या मागच्या खोलीत नाट्यगृह सुरू केले. तेथे प्रेक्षकांना टेबलावर जेवण वाढले जाई, ताटल्या उचलल्या जात आणि त्याच जागी बसून नाटक पाहायचे. ब्रिटनने १९७१ मध्ये दशमान नाणी स्वीकारल्यानंतरही किंग्ज हेडच्या बारवर कित्येक वर्षे शिलिंग-पेन्सचा जुना हिशोब चालू होता. हा हट्ट मला फार आवडतो. पाठोपाठ रिचमंडमध्ये ऑरेंज ट्री, शेफर्ड्स बुशमध्ये बुश, नॉटिंग हिलमध्ये गेट, इझलिंग्टनमध्ये ओल्ड रेड लायन आणि अर्ल्स कोर्टमध्ये फिनबरो अशी नाट्यगृहे १९८० पर्यंत पबच्या आश्रयाने उभी राहिली.

आश्रय हाच शब्द मी वापरतो, कारण या रंगभूमीचा खरा आश्रयदाता पबचा गल्ला आहे. नाट्यगृहाला लागणाऱ्या बऱ्याच महागड्या गोष्टी, म्हणजे बसण्याची जागा, प्रसाधनगृह, बार आणि रस्त्यावर उघडणारा ओळखीचा दरवाजा, पबमध्ये आयत्याच असतात. पबमालकाला त्याबदल्यात मंगळवार-बुधवारच्या मंद संध्याकाळी पन्नास माणसे मिळतात, जी आधी जेवतात आणि प्रयोगानंतर नटांची वाट पाहत आणखी एक पेला घेतात. नाट्यसंस्थेचे गणित मात्र कठीण असते. तिकीट २० पौंडांचे धरले आणि ५० खुर्च्या भरल्या, तरी एका रात्रीचे १००० पौंड होतात. त्यातून खोलीचे भाडे, प्रकाशयोजना, लेखकाचे मानधन आणि तालमींचा खर्च भागवून पाच-सहा नटांना योग्य वेतन देणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे अनेक निर्मितींमध्ये नट नफ्यातल्या वाट्यावर काम करतात, आणि नफा बहुधा होत नाही. पब थिएटरचे कौतुक करणाऱ्यांनी, म्हणजे मीही, ही गोष्ट झाकून ठेवू नये. ज्याला काही आठवडे बिनपगारी काढणे परवडते तोच या माडीवर उभा राहू शकतो, हा या व्यवस्थेतला खरा दोष आहे. अडचणीच्या खुर्च्या आणि खालचा गोंगाट हे त्यामानाने किरकोळ.

खोलीच्या आकारामुळे नाटकाचाही आकार ठरतो. विंगा नसतात, देखावा बदलायला जागा नसते, आवाज उंचावला तर खोटा वाटतो. त्यामुळे दोन-तीन पात्रांची, एका जागी घडणारी नाटके येथे सर्वांत चांगली जमतात. बॅटर्सीच्या लॅचमिअर पबवरच्या थिएटर ५०३ मध्ये २००९ साली केटोरी हॉल यांचे ‘द माउंटनटॉप’ प्रथम सादर झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांची शेवटची रात्र, मोटेलची एक खोली आणि दोन पात्रे, एवढाच त्याचा पसारा. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट नव्या नाटकाचा ऑलिव्हिए पुरस्कार, म्हणजे लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार, त्याला मिळाला. याच्या अगदी उलट धाडस किलबर्नच्या कॉक टॅव्हर्नमध्ये झाले. तेथे पुचिनीचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा सादर करताना कॅफेतला दुसरा अंक खालच्या बारमध्येच रंगवला गेला. नंतर सोहो थिएटरमध्ये गेलेल्या त्या निर्मितीने २०११ मध्ये ऑपेरासाठीचा ऑलिव्हिए पुरस्कार पटकावला, आणि कॉक टॅव्हर्नमधले नाट्यगृह त्याच वर्षी बंद झाले.

आता खाण्याकडे वळतो. प्रयोग साधारण साडेसातला सुरू होतो आणि त्याआधीच्या तासात स्वयंपाकघरावर एकदम गर्दी कोसळते, म्हणून सहाच्या सुमारास पोहोचावे. बहुतेक पबमध्ये बारपाशी उभे राहूनच जेवण सांगायचे आणि तेथेच पैसे द्यायचे असतात. टेबलावर बसून वेटरची वाट पाहणारा उपाशीच नाटकाला जातो. पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), फिश अँड चिप्स, सॉसेज आणि मॅश (कुस्करलेले बटाटे) यांपैकी काहीही मागवावे, पण ग्रेव्हीची ताटली वर नेता येत नाही. हातपंपाने ओढलेली कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर, तळघराच्या तापमानाची, म्हणजे ११ ते १३ अंश सेल्सिअसची असते, तेव्हा ती गार नाही अशी तक्रार करू नये. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो आणि मध्यंतर नसलेली सव्वा तासाची नाटके अलीकडे वाढली आहेत, हे ध्यानात घेऊन अर्धा पाइंटच घ्यावा. खोलीचा एकमेव दरवाजा अनेकदा रंगमंचावरूनच गाठावा लागतो.

जेवण, पेय आणि नाटक यांचा मेळ सर्वांत नेटका बसला आहे तो मात्र लंडनबाहेर. डेव्हिड मॅकलेनन यांनी २००४ मध्ये ग्लासगोच्या ओरान मोरमध्ये, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या पबमध्ये, ‘अ प्ले, अ पाय अँड अ पाइंट’ सुरू केले. दुपारी एक वाजता तासाभराचे नवे नाटक, आणि तिकिटाच्या किमतीतच एक पाय व एक पेय. हंगामात दर आठवड्याला नवे नाटक येते. चेशरमधल्या अँट्रोबस गावात याहून जुनी रीत टिकून आहे. तेथील सोल-केकर्स नावाची हौशी मंडळी ऑक्टोबरअखेरीपासून आसपासच्या पबमध्ये जाऊन एक लोकनाट्य करतात, ज्यात लढाईत पडलेल्या वीराला भोंदू वैद्य पुन्हा उभा करतो आणि शेवटी घोड्याच्या मुंडक्याचे सोंग येऊन धुमाकूळ घालते. तेथे रंगमंच नाही आणि वेगळे प्रेक्षागृहही नाही. पेले घेऊन उभे असलेले लोक थोडे मागे सरकतात, तेवढीच जागा.

लंडनमधली मोठी नावे मात्र एकेक करून पबबाहेर पडली आहेत. ऑरेंज ट्री १९९१ मध्ये रस्त्यापलीकडे गेले, बुश २०११ मध्ये जुन्या ग्रंथालयात गेले, गेटनेही प्रिन्स अल्बर्ट पबची माडी सोडली आणि किंग्ज हेडने जानेवारी २०२४ मध्ये पबच्या मागेच नवे, मोठे प्रेक्षागृह उघडले. लिफ्ट, मोकळी जागा, नटांना कपडे बदलायला खोल्या, हे सारे हवेच होते. पबच्या जिन्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, हे कोणतेही जुनेपण समर्थनीय ठरवू शकत नाही. तरीही मला निवड करायला सांगितली, तर मी अजून फिनबरो किंवा ओल्ड रेड लायनचेच तिकीट काढीन आणि दुसऱ्या रांगेत बसेन.