बोरगडभोवतीचा मुरूम आणि टायरमधली हवा

ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांसाठीची, जाड टायरची सायकल) घेऊन डांबरावरच फिरायचं असेल तर नाशिकला घाटांची कमतरता नाही. पण त्या सायकलचं खरं चीज होतं ते मुरमावर. शहरातून पेठ रस्त्याने साधारण १५ किलोमीटरवर रामशेजच्या पायथ्याची आशेवाडी लागते. तिथून रामशेज, देहेरगड आणि बोरगडाच्या आजूबाजूला गाडीवाटा, पाणंदी आणि वस्त्यांना जोडणारे मुरमाड रस्ते पसरले आहेत. इथे दमापेक्षा माती ओळखता येणं आणि त्याप्रमाणे टायरमध्ये हवा ठेवणं जास्त कामाला येतं.

आधी जंगलाचं सांगते. बोरगड हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ साली जाहीर झालेलं. सायकल गावरस्त्यांवर ठेवायची. राखीवाच्या आत जायचं असेल तर आधी वनविभागाला विचारायचं. माथ्यावर हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे त्या बाजूला चढायचा विचारच करायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरउतारावर काढलेल्या जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मुद्दाम जाळलेले पट्टे) लांबून अगदी तयार ट्रेलसारख्या दिसतात आणि नवखे हमखास त्यात घुसतात. तिथे जळालेल्या झुडपांचे टोकदार सड वीतभर उंचीचे उभे असतात. टायरच्या बाजूच्या भिंतीत असा सड शिरला तर सीलंट (टायरच्या आत ओतलेला, भोक बुजवणारा द्रव) काही करू शकत नाही. दिवस मावळायच्या आत डांबरावर परत या, हा बिबट्यांचा मुलूख आहे.

आता माती. आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला काळा कातळ. त्यातून पाणी भराभर खाली उतरतं, म्हणून चांगली सर पडून गेल्यावर एक दिवस ऊन मिळालं की मुरमाचा रस्ता चालवण्याजोगा होतो. उलट तो तेव्हाच सगळ्यात छान असतो, दाबून बसलेला आणि धूळ नसलेला. काळ्या मातीचं तसं नाही. तिला तीन-चार दिवस कडक ऊन लागतं. अडचण अशी की पाणंदीवर या दोन्ही माती शंभर पावलांच्या अंतरात बदलतात आणि वरून दोन्ही सारख्याच ओलसर तपकिरी दिसतात. शंका आली तर उतरा, चिमूटभर माती घ्या, थोडं पाणी टाकून तळहातावर वळून बघा. तीन मिलिमीटर जाडीची, न तुटणारी वात झाली तर ती चिकण काळी माती. परत फिरा. वळताना भुगा झाला तर मुरूम आहे, पुढे चला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण त्याने तासाभराची ओढाताण वाचते.

काळ्या मातीत नेमकं काय बिघडतं तेही समजून घ्या. ही माती टायरला थरावर थर चिकटते, त्यात गवत आणि काडीकचरा मिसळतो आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) खांद्याखाली विटेसारखा घट्ट गोळा बसतो. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर फट हवी असते. फट कमी असेल तर पन्नास पावलांत चाक जाम होतं. मोठं नुकसान मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं होतं. चिखल आणि काड्यांनी चेन अडकते, आपण पेडलवर जोर देतो, डिरेलर ओढला जाऊन स्पोकमध्ये शिरतो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, मोडतो. म्हणून चेन जड वाटली त्या क्षणी पाय थांबवा. सायकल खांद्यावर घेऊन कडक जमिनीवर आणा आणि काडीने चिखल उकरा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि गावातल्या दुकानात मिळणार नाही. आपल्या सायकलचा एक जादा हँगर, त्याच्या स्क्रूसकट, सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको. फ्रेममध्ये बसत असेल तर ४५ घ्या. मधला भाग गुळगुळीत आणि कडेला गोट्या (रबराचे उंचवटे) असलेला टायर इथे सगळ्यात उपयोगी, कारण जाता-येता डांबर आहेच. हवेचा अंदाज असा: वजन ७० किलोच्या आसपास, टायर ४० मिलिमीटर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), तर पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. वजन दर पाच किलोंनी वाढेल तसा एखाद-दुसरा पीएसआय वाढवा. ट्यूब असेल तर आठ-दहा जास्त ठेवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. मुरमावर हवा जास्त झाली की सायकल प्रत्येक खड्यावर उड्या मारते आणि वळणावर पुढचं चाक सरकतं. कमी झाली की रिमचा ठणका ऐकू येतो. तो आवाज एका फेरीत दोनदा आला तर २ पीएसआय वाढवा. अंगठ्याने दाबून बघणं सोडा, हवा मोजायचा छोटा डिजिटल गेज घ्या. हिवाळ्याची एक बाब बहुतेक जण विसरतात. पहाटे १० अंशांना भरलेले ३५ पीएसआय दुपारी ३० अंशांना ३८ च्या पुढे जातात. उतरणीला लागण्याआधी थोडी हवा सोडा.

काटे हा आपल्या भागाचा कायमचा प्रश्न. बाभळीचा काटा सरळ आणि लांब, बोरीचा आखूड आणि वाकडा. ट्यूबलेसमध्ये प्रत्येक चाकात ६० ते ९० मिलिलिटर सीलंट हवं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाजवळ हलवून आत खळखळ ऐकू येत नसेल तर ते संपलंय असं समजा. काटा उपसला की भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा, म्हणजे सीलंट तिथे जमा होतं. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे धागे अडकतील तिथे काट्याचं मोडलेलं टोक आहे. बोटाने चाचपलं तर ते कातडीतच शिरतं आणि न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही बसते. नव्या खडीच्या धारेने टायर चिरला तर आतून जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा दुधाच्या पिशवीची चौपदरी घडी लावा. हवा ५ पीएसआय कमी ठेवून घरापर्यंत पोचता येतं.

द्राक्षबागांच्या पाणंदींना त्यांचं स्वतःचं वेळापत्रक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काड्यांचे ढीग वाटेवर येतात. पेन्सिलीएवढी एक काडी डिरेलरच्या पिंजऱ्यात गेली तरी वर सांगितलेलाच प्रकार होतो. तिथे पेडल न मारता चाक जाऊ द्या, नाहीतर उतरा. मांडवाच्या तारांचे तुकडेही पडलेले असतात. फवारणीच्या दिवसांत सकाळी बागेत ब्लोअर चालू असेल तर वारा कुठून येतोय ते बघून लांबच थांबा, ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला वळेपर्यंत. आणि पाणंद ही शेतकऱ्याची वाट आहे. बैलगाडी आली तर बांधाला लागून पूर्ण थांबायचं, उघडलेलं फाटक पुन्हा लावायचं. वस्तीवरची कुत्री धावली तर सायकल पळवू नका, उतरून ती आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा.

फेब्रुवारीनंतर ट्रॅक्टरने घासलेल्या वाटांवर फुफाटा साचतो, कधी चार बोटं खोल. त्यात पुढचा ब्रेक दाबलात की पडलात. वजन मागे, हात सैल आणि पाय सुरू ठेवा. उताराच्या मुरमावर सुटे खडे कडक जमिनीवर ज्वारीच्या दाण्यांसारखे पसरलेले असतात. वेग वळणाआधी मोडा, वळणात नाही. चाकोरीतून चालवा, मधल्या गवताच्या पट्ट्यात दगड लपलेले असतात. एका चाकोरीतून दुसरीत जायचं तर जिथे कड बुटकी आहे तिथूनच, तिरकं नव्हे तर शक्य तितकं काटकोनात.

गिअर हलके हवेत. पुढे ४०, मागे ४२ दात असले तर सुट्या मुरमाच्या चढावर बसूनच चढता येतं. उभं राहिलात की मागचं चाक जागेवर फिरतं. पाणी माणशी दोन लिटर.

हंगाम विचाराल तर सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. पश्चिमेला अंजनेरी, त्र्यंबककडे पाऊस कितीतरी जास्त, तिथले रस्ते उशिरा सुकतात. अंजनेरीच्या पठारावर मात्र सायकल नेऊच नका. कातळावरच्या बोटभर मातीत तिथली कंदीलपुष्पं येतात, त्यातली एक जात तर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. ओल्या मातीत उमटलेला एक टायर त्यांचे कंद उघडे पाडायला पुरेसा आहे.

घरी आल्यावर गाड्या धुण्याच्या दुकानातला प्रेशरचा पाइप हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्यांचा मधला आस) मारू नका, पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं. बादलीभर पाणी आणि ब्रश पुरे. चेनला कोरड्या दिवसांत मेणाचं लुब्रिकंट लावा, दाट तेल लावलं तर मुरमाची धूळ त्यात मिसळून पॉलिशपेपरसारखी चेन घासते. ब्रेक पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की बदला. ओल्या मुरमात रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात, त्यामुळे पावसाळ्यात दर फेरीनंतर चाक काढून बघावं लागतं.