उभा बॉयलर, नोंद चौथी: नऊ नळ्या आणि एक थेंब

काल रात्री मी बनवत असलेल्या छोट्या तांब्याच्या बॉयलरची गळती तपासायला हातपंपाने त्यात पाणी दाबत होतो. दाबाचा काटा ४ बारवर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) आला आणि मधल्या नळीच्या कडेला मोत्याएवढा थेंब उभा राहिला. पुसला, पुन्हा आला. म्हणजे त्या सांध्यात डाख (सांधा जोडायला वितळवून भरतात तो धातू) पोचलाच नव्हता.

गळतीकडे वळण्याआधी नऊ नळ्यांचा खटाटोप का केला ते सांगतो. माझ्या पहिल्या बॉयलरला एकच नळी होती: ७५ मिमी व्यासाचं तांब्याचं नळकांडं, त्याच्या मधून आरपार जाणारी, आतून २५ मिमी व्यासाची नळी, खाली बर्नर. नळीतून गरम वायू, नळीभोवती पाणी. नळीच्या तोंडावर हात धरवत नसे, आणि वाफ मात्र अशक्त. कारण कागदावर लगेच दिसतं. १०० मिमी लांबीच्या त्या नळीची आतली भिंत जेमतेम ७९ चौसेमी भरते. तेवढ्याच लांबीच्या, आतून १० मिमीच्या नऊ नळ्या घेतल्या की २८३ चौसेमी होतात, साडेतीन पटीहून जास्त. गरम वायूंची वाटही ४.९ वरून ७ चौसेमी होते. आणखी बारीक नळ्या घ्यायचा मोह होतो, पण मग वायूंची वर जाणारी ओढ कमी होते आणि ज्योत घुसमटते.

जुन्या कॉर्निश बॉयलरला अशी एकच मोठी नळी असे, नंतरच्या लँकेशायरला दोन. १८२९ च्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनात मात्र ३ इंची तांब्याच्या २५ नळ्या होत्या. ती सूचना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथ यांची. फ्रान्समध्ये अभियंते मार्क सेगँ स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. रॉकेटचं नाव निघालं की चाकं आणि वेगच आठवतात, मला त्या २५ नळ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात.

वॉटर-ट्यूब या दुसऱ्या प्रकारच्या बॉयलरमध्ये सगळं उलटं: पाणी नळीत, आग बाहेर. फरक नुसता मांडणीचा नाही, साठ्याचा आहे. ३ बार या माझ्या कामाच्या दाबाखाली पाणी १४४ अंशांच्या आसपास असतं. भांडं अचानक फुटून दाब उतरला, तर ते पाणी १०० अंशांवर येताना त्याचा जवळजवळ बारावा हिस्सा क्षणात वाफ होतो. माझ्या बॉयलरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे साधारण ३० लिटर वाफ, एका झटक्यात! हाच साठा इंजिनाला चढावर उपयोगी पडतो, दाब थोडा उतरला की पाणी आपणहून वाफ पुरवतं. वॉटर-ट्यूबमध्ये पाणी थोडं आणि तेही बारीक नळ्यांत, त्यामुळे वाफ लवकर धरते आणि मोठा दाब कमी जाडीच्या भिंतीत सांभाळता येतो. बदल्यात पाण्याच्या पातळीवरून नजर हटवता येत नाही. एकाच लांब वेटोळ्याच्या बॉयलरमध्ये तर साठा जवळपास नसतोच: एका टोकाने पंप पाणी ढकलतो, दुसऱ्या टोकाने वाफ निघते, पंप आणि आग यांचा मेळ चुकला की नळी कोरडी पडून लाल होते. मला चूक पोटात घालणारा बॉयलर हवा होता, म्हणून नऊ नळ्यांचा.

जाडीचा हिशेब: दाब ०.३ (३ बार म्हणजे चौमिमीला ०.३ न्यूटन) गुणिले व्यास ७५, भागिले पत्र्याच्या १.६ मिमी जाडीची दुप्पट, म्हणजे पत्र्यावर चौमिमीला ७ न्यूटन ताण. तांब्याला हे सहज पेलतं. बुशिंग (जोडण्या बसवायच्या आट्यांच्या कड्या) ब्राँझची, पितळ नको, गरम पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं. आणि दाबाच्या सांध्याला साधा कथलाचा डाख कधीच लावू नका. तो दोनशे अंशांच्या आतच वितळतो. पाणी उतरलं की पहिला तोच जाईल.

आता गळती. तांबं उष्णता इतकी भराभर पळवतं की बाहेरच्या नळ्या डाख पितात तेव्हा मधली अजून थंड असते. मी ज्योत सांध्यावरच धरून बसलो, फ्लक्स (डाख नीट पसरावा म्हणून लावतात तो लेप) जळून काळा पडला आणि डाखाचे मणी झाले. आज सगळं सौम्य आम्लात धुतलं, नवीन फ्लक्स लावला, बॉयलर विटांच्या कोनाड्यात ठेवून आधी अख्खा मंद लाल केला आणि मग मधल्या नळीला चांदीच्या डाखाची तार टेकवली. तार ज्योतीने नव्हे, तांब्याच्या उष्णतेने वितळली आणि नळीभोवती चकचकीत कडं फिरलं. ते बघायला मी घरच्यांना हाक मारली.

चाचणी पुन्हा पाण्यानेच, हवेने नाही. दाबाखाली पाणी हवेसारखं आकसत नाही, म्हणून सांधा सुटला तरी फक्त गळतं. काटा ६ बारवर, कामाच्या दाबाच्या दुप्पट, वीस मिनिटं हलला नाही.

रविवारी सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की वाफ आपोआप सोडणारी झडप) बसवून पूर्ण आग, वाफेची वाट बंद. काटा ३.३ बारच्या वर गेला, तर व्हॉल्व्ह पुरेशी वाफ सोडत नाही, त्याचं भोक मोठं करावं लागेल.