निकालानंतरचा अर्धा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या गाण्याच्या बाई. बाकी शिक्षकांचे उपकार आहेतच, पण माझ्या वाट्याचं पान मी बाईंनाच देणार.

संमेलनाआधीची गायनस्पर्धा सगळ्यांना आठवत असेल. 'सगळीच मुलं छान गायली, निवड फार अवघड गेली' असं सांगून पाहुणे परीक्षक नारळ घेऊन निघायचे. बाईंचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. चित्रकलेच्या वर्गात पेटी घेऊन बसायच्या आणि एकेकाला जवळ बोलवायच्या.

नववीत आमच्या वर्गातली एक मुलगी भूप राग गायली. त्रितालातली द्रुत बंदिश, तानांवर ताना, टाळ्या थांबेनात. नंबर आला दुसरा. तिचे वडील तणतणत आले. बाईंनी त्यांना बसवलं, पेटीवर काळी चारचा षड्ज, म्हणजे 'सा', धरला आणि तिला तीच तान सावकाश गायला लावली. तान दर वेळी धैवतावर, म्हणजे 'ध'वर, जाऊन थांबत होती. "आता गंधारावर, 'ग'वर आणून थांब." ती थांबली. वडील गाण्यातले नव्हते, तरी त्यांची मान हलली. बाई म्हणाल्या, "स्वर तेच पाच. पण धैवतावर मुक्काम केलास की भूपाऐवजी देसकार राग डोकावतो. गळा तयार आहे तुझा, मुक्काम सांभाळ."

प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायच्या, आणि ती करून घ्यायच्या. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकणाऱ्याला त्रितालाच्या नवव्या मात्रेपासून (तिला 'खाली' म्हणतात) हातावर मोजायला लावायच्या. माझा आवाज फुटत होता तेव्हा म्हणाल्या, "यंदा खालच्या पट्टीत गा, तार सप्तकाच्या मागे लागू नकोस." माझा गळा त्यांनी वाचवला, हे मी आजही सांगतो.

पुढे गाण्यात विशारद झालो. आता आंतरशालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. गुणपत्रिकेवर सूर, ताल, सादरीकरण असे रकाने, आणि शेऱ्याला बोटभर जागा. मी कागद उलटून मागे लिहितो; बहुतेक ठिकाणी तो मुलांपर्यंत पोचतच नाही. पेटी-तबला जाऊन कराओके आलाय. पट्टी ट्रॅकची, गळा मुलाचा, आणि बिचारं पोर वरच्या सुरासाठी शिरा ताणतं. फार वाईट वाटतं.

महोत्सवाच्या गायनस्पर्धेला मी आनंदाने येईन. मानधन नको. फक्त साथीला पेटी-तबला असू द्या आणि निकालानंतर अर्धा तास, चित्रकलेचा वर्ग उघडा ठेवा.