ॲटलास, पण कुठला?

"ॲटलास आहे रे, ॲटलास!" हे इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी मी कुणाला त्या पतंगाचा फोटो दाखवणंच सोडलं. कारण मला हवं होतं ते पुढचं नाव, आणि ते सांगायला कुणी तयार नव्हतं.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपाच्या खोपीच्या चिऱ्यांवर तो बसला होता, चवथीच्या आधीच्या पावसात. उघड्या पंजाहून रुंद, विटकरी, वरच्या पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी वळलेली. शेजारच्या काकी लांबूनच म्हणाल्या, "हात लावूं नाका, विखारी आसतलें." विखारी कसलं, पूर्ण वाढलेल्या या पतंगाला खायला धड तोंडसुद्धा नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर काढतो. त्यामुळे त्याच्यापुढे केळं, गुळाचं पाणी ठेवू नका. आमच्या भाच्याने ठेवलं, मुंग्या मात्र खूश झाल्या.

अर्धी ओळख सोपी आहे. पंखांवर आरपार दिसणाऱ्या त्रिकोणी खिडक्या असल्या की ॲटॅकस, हे झालं आडनावासारखं गटाचं नाव. टसरच्या पतंगालाही खिडक्या असतात, पण गोल आणि भोवती कडं असलेल्या. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा असेल तर तो मून मॉथ.

पुढे गाडी रुतली. फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपने दोन नावं दिली: ॲटॅकस ॲटलास आणि ॲटॅकस टॅप्रोबानिस. मी दुसरं निवडलं. लगेच कुणीतरी पहिलं ठोकलं. तिसऱ्याने माझी बाजू घेतली, चौथ्याने पुन्हा ॲटलास, पुरावा म्हणून काय तर पेपरातलं कात्रण! मतं फुटली की ॲप नोंद मागे ओढतं आणि नुसतं "ॲटॅकस" लिहून ठेवतं. सकाळी चहाच्या आधी मी ते उघडून बघायचो आणि चडफडत बंद करायचो. एका जाणकाराने लिहिलं, "नुसत्या फोटोवरून खात्री देता येत नाही." बरं, मग कशावरून देता? त्यावर उत्तर नाही.

मुळात घोळ जुना आहे. आपल्या दक्षिणेकडच्या पतंगाला पूर्वी ॲटलासचीच उपजात धरत, म्हणून जुन्या याद्यांत तेच नाव आहे आणि पेपरवालेही तेच उचलतात. आता दोन्ही वेगळे मानतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला तो टॅप्रोबानिस. ॲटलास ईशान्य भारतापासून पुढे आग्नेय आशियात. म्हणजे इथे पंखांवरच्या नक्षीपेक्षा गाव महत्त्वाचं! माझ्या नोंदीत ठिकाण नुसतं "भारत" असं उमटलं होतं. ते बदलून सत्तरी, गोवा केलं, वर हे सगळं चार ओळींत खरडलं. मग मात्र पतंगांवर काम करणाऱ्या एकाने होकार भरला, मागोमाग आणखी दोघांनी. ॲटॅकस टॅप्रोबानिस. कात्रणवाले गप्प.

हो, फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि मिशांचा जवळून एक घ्या. रुंद पिसासारख्या मिशा नराच्या. मादीच्या अरुंद असतात आणि पोट जाड. आमची मादी होती. फोटो सकाळी लवकर काढा, कावळे वाट बघत नाहीत. दालचिनीवर किंवा पेरूवर पीठ माखल्यासारखी जाडजूड अळी दिसली तर औषध मारू नका. आमच्या दालचिनीची पानं मी सध्या रोज उलटून बघतो आहे.