पाचवा फोटो

साउथ अमेरिकेच्या ग्रुप टूरमधे ब्युनोस आयर्सला एक सकाळ फ्री असते. बहुतेक गेस्ट फ्लोरिडा स्ट्रीटवर लेदर जॅकेट बघायला जातात आणि मी त्यांच्यासोबत भाव करायला. त्या वेळी मात्र ग्रुपमधले एक काका आदल्या रात्री जेवताना म्हणाले, "ताई, मला एस्मा बघायचंय, नेव्हीचं ते. मिळेल का?" काका आपल्याकडच्या पोलिसातून रिटायर झालेले, नोकरीतली बरीच वर्षं स्पेशल ब्रँचला, म्हणजे साध्या कपड्यात सभेला जाऊन बसायचं, कोण काय बोललं ते डोक्यात ठेवायचं आणि रात्रीपर्यंत रिपोर्ट टाकायचा. आणीबाणीत ते खात्यात अगदी नवीन होते म्हणे. जॅकेटवाल्यांना लोकल गाइडच्या ताब्यात दिलं आणि काका, काकू आणि अजून दोघं अशांना घेऊन मी निघाले.

एस्मा म्हणजे नौदलाची मेकॅनिक ट्रेनिंगची शाळा. शहराच्या आतच, मोठ्या वाहत्या रस्त्यावर, आजूबाजूला लोक राहतात. 24 मार्च 1976 ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि 1983 पर्यंत ह्या शाळेतल्या ऑफिसर्स क्लबच्या बिल्डिंगमधे अंदाजे पाच हजार लोकांना उचलून आणून ठेवलं, त्यातले अगदी थोडे जिवंत बाहेर पडले. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की भिंतींना कोणी हात लावलेला नाही. सगळी माहिती काचेवर आणि वेगळ्या पॅनलवर आहे, कारण ती बिल्डिंग अजूनही कोर्टातला पुरावा आहे. तिथली गाइड मुलगी इंग्रजीत सांगत होती आणि मी मराठीत.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर अधिकाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या. त्याच्या वर माळ्यावर, उतरत्या छपराखाली, डोक्यावरून तोंड झाकणाऱ्या टोप्या चढवून आणि पायात बेड्या घालून कैदी आडवे पाडलेले. जिना एकच. म्हणजे रात्री ड्युटी संपवून अधिकारी आपल्या खोलीत जातोय आणि त्याच पायऱ्यांवरून बेड्यांचा आवाज खाली तळघराकडे चाललाय, तिथे चौकशी चालायची. एस्माच्या डायरेक्टरचं कुटुंबही ह्याच बिल्डिंगमधे राहायचं. त्याच्या मुलीची एक शाळेतली मैत्रीण खेळायला आली होती, तिला खिडकीतून टोपी घातलेल्या बाईला गाडीतून उतरवताना दिसलं, आणि ती मोठी झाल्यावर लष्करशहांवरच्या 1985 च्या खटल्यात येऊन तिने ते सांगितलं. काकूंनी इथे माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

काका मात्र वेगळंच विचारत होते. ह्यांचा पगार कुठून व्हायचा, रजा मिळायची का, गाड्या कुणाच्या नावावर. गाइड म्हणाली पगार नेव्हीचाच, हे रेग्युलर अधिकारीच होते, फक्त नावं खोटी आणि फोर्ड फाल्कन गाड्या बिननंबरच्या. मग ती आल्फ्रेदो आस्तिसच्या फोटोपाशी थांबली.

आस्तिस नौदलात लेफ्टनंट. सोनेरी केसांचा, दिसायला गोड पोरगा. ज्या आयांची मुलं गायब झाली होती त्या दर गुरुवारी प्लासा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधून जमायच्या, त्यांच्यात हा 1977 मधे गुस्ताव्हो निन्यो असं नाव सांगून घुसला. माझाही भाऊ गायब आहे म्हणाला. सोबत एक तरुण मुलगी आणायचा, बहीण म्हणून, ती मुळात एस्मामधलीच कैदी, जबरदस्तीने आणलेली. आया ह्याची काळजी करायच्या, तू जास्त पुढे येऊ नकोस, तरुण आहेस, तुलापण उचलतील. 8 डिसेंबरला सांता क्रूझ चर्चमधे पेपरात द्यायच्या जाहिरातीसाठी पैसे गोळा करायची मीटिंग होती, मुलांची नावं छापायची होती. तिथूनच लोकांना उचललं, कोणाला उचलायचं ते ह्याने दाखवून दिलं. जाहिरात 10 तारखेला ला नासियोन पेपरात आली, आणि त्याच सकाळी आयांना पहिल्यांदा एकत्र आणणारी आसुसेना व्हियाफ्लोर पेपर घ्यायला घराबाहेर पडली, तिला रस्त्यातच धरलं. एकूण बारा जण गेले. तीन आया, दोन फ्रेंच नन, बाकीचे त्यांना मदत करणारे.

काका बराच वेळ त्या फोटोसमोर उभे होते. मग मला म्हणाले, "मीपण बसलोय लोकांच्यात. मोर्चात, युनियनच्या मीटिंगला, चहा पण प्यालोय त्यांचा. पण ज्या बाईचं पोरगं गेलंय तिच्याकडे जाऊन माझा पण भाऊ गेलाय म्हणायचं, हे काम नाय. हे सांग हिला." मी गाइडला सांगितलं. ती नुसती मान हलवून थांबली, आणि म्हणाली ह्यांना खाली तळघरातलं डॉक्युमेंटचं सेक्शन दाखवते.

त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते हेच. खोट्या नावाने फिरायचं म्हणजे खोटी कागदपत्रं लागतात. पासपोर्ट, ओळखपत्र, लायसन, बंदुकीचा परवाना, आणि प्रत्येकाला फोटो. हे सगळं ते कैद्यांकडूनच करून घ्यायचे. व्हिक्टर बास्तेरा नावाचा प्रिंटिंगमधला कामगार, 1979 च्या ऑगस्टमधे बायको आणि तान्ह्या मुलीसकट उचलला होता, त्याला ह्या कामाला बसवलं. एजंट यायचे, समोर बसायचे, हा फोटो काढायचा. कागदपत्रांना चार कॉपी लागायच्या, हा पाच काढायचा. पाचवी फोटोपेपरच्या डब्यात, कारण तो उघडला तर उजेडाने पेपर खराब होतो, म्हणून पहारेकरी तो उघडायचे नाहीत. नंतर त्याला मधूनमधून घरी सोडायला लागले तेव्हा कपड्यात लपवून एकेक बाहेर नेले. सापडला असता तर काय झालं असतं ते त्याला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त माहीत होतं. 1985 ला लष्करशहांवर खटला चालला तेव्हा हे फोटो कोर्टात आले.

ते चेहरे बघितले. कोणी टाय लावलेला, कोणी मिशा ठेवलेल्या, कॅमेऱ्यात सरळ बघणारे, पासपोर्ट फोटोला बसतो तसे. काका म्हणाले, "ह्यांना वाटलं हा मरणारच आहे, ह्याच्यासमोर कसला पडदा."

बाहेर ते विमान आहे, स्कायव्हॅन. कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन ह्यातून जिवंत समुद्रात फेकायचे. ह्या विमानाला अमेरिकेत, फ्लोरिडात शोधून काढलं ते एस्मातूनच वाचलेली पत्रकार मिरियम लेविन आणि एक इटालियन फोटोग्राफर ह्यांनी. ज्या फेरीत त्या आयांना फेकलं त्या 14 डिसेंबर 1977 च्या रात्रीच्या फेरीची नोंद फ्लाइट रेकॉर्डमधे तशीच होती, पायलटच्या नावांसकट. 2017 मधे पायलटना जन्मठेप झाली, विमान 2023 मधे परत आणलं. आयांची प्रेतं तेव्हाच किनाऱ्याला लागली होती, बेवारस म्हणून पुरली होती, 2005 मधे अर्जेंटिनाच्या फोरेन्सिक टीमने डीएनएवरून ओळखली. मधल्या काळात लष्करातल्या लोकांना वाचवणारे माफीचे कायदे येऊन गेले, ते 2003 मधे रद्द झाले, तेव्हा कुठे 2011 मधे आस्तिसला जन्मठेप झाली.

परत आल्यावर ऑफिसला सांगून ही सकाळ ऑप्शनल म्हणून इटिनररीत घालून घेतली. सुट्टीत कशाला हे बघायचं असं म्हणणारे गेस्ट असतात, त्यांच्यावर मी जबरदस्ती करत नाही. पण जे येतात त्यांना वेळ कमी पडला तर बाकी काही गाळते, बास्तेराचे फोटो गाळत नाही.