टॉर्च बंद कर!

मी न्यू जर्सीत होम केअरची फिजिओथेरपिस्ट, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन त्यांना चालवायचं, जिना चढवायचा आणि मग गाडीत बसून नोट्स टाइप करायच्या. २०१२ साली एक ८८ वर्षांच्या आजी होत्या, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. मूळच्या इंग्लंडच्या, चहा झाल्याशिवाय वॉकरला हात लावायच्या नाहीत.

तिसऱ्या व्हिजिटला टाके बघायचे होते, खोलीत अंधार, मी सहज मोबाईलचा टॉर्च लावला तर आजींनी गाऊन खसकन खाली ओढला आणि ओरडल्याच, बंद कर ते! मला वाटलं माझा हात लागून दुखलं की काय.

मग चहा ढवळता ढवळता बोलायला लागल्या. १९४६ चा जानेवारी. अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या मुलींना बोटीत बसवायच्या आधी टिडवर्थच्या लष्करी छावणीत ठेवलेलं, कामाला जर्मन युद्धकैदी, थंडी मरणाची. तिथे मेडिकल. अंगावर नुसता गाऊन घालून रांगेत उभं राहायचं, नंबर आला की तो उघडायचा आणि डॉक्टर दोन पायांच्या मध्ये टॉर्च मारून बघणार, काही रोगबिग नाही ना. आणि या सगळ्या रीतसर लग्नाच्या बायका हां, नवऱ्यांनी आपल्या ऑफिसरची परवानगी काढून केलेली लग्नं! मीही डिपेंडंट व्हिसावरच आलेय, आमचंही मेडिकल झालं, पण हे ऐकून माझाच चहा गार झाला.

२६ जानेवारीला साउदॅम्प्टनहून 'अर्जेंटिना' बोट सुटली, ४५२ नवऱ्या, १७३ पोरं आणि चक्क एक नवरा. ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्क. मला राहवेना, विचारलं, त्या एकट्या बाप्यालापण टॉर्च मारला का हो? आजी इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. म्हणाल्या, हे मी नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

मग स्वतःच म्हणाल्या, खिडकीचा पडदा सरकव. वॉकर धरून हळूहळू उजेडात गेल्या, कुशीवरचा गाऊन स्वतःच्या हाताने वर केला. आता बघ.

गाडीत बसून नोट लिहिली. जखम कोरडी, लाली नाही, पेशंट वॉकरने खिडकीपर्यंत चालली.